हळदीचा अंगठा

आई, आपला हौद बुजवला. मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला होता. बागेत प्लॉट पाडून राहिले, रस्त्याची आखणी नेमकी हौदावरून जाते, म्हणून जेसीबीवाल्यानं सकाळी सुरुवात केली आणि जेवायच्या आत सगळं सपाट. सांगता सांगता दादा मधेच थांबला, मी रडेन म्हणून वाट पाहत असावा. मी म्हटलं, "बरं झालं, उघडाच पडला होता, कोणाचं लेकरू पडलं असतं त्यात." तो म्हणाला, "तुले काहीच वाटून नाही राहिलं का?" मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, ठेवते. खरंच झाली होती. नंतर दिवसभर मी मनात चाचपून पाहिलं, दात काढल्यावर बधिर हिरडीला जीभ लावून पाहतो तसं, पण काही लागलं नाही. तुला मात्र ही बातमी कोणीतरी द्यायला पाहिजे. हौद बाबांनी बांधला होता, पण होता तो तुझाच.

संत्र्याच्या बागेतला हौद झाडांसाठीच असतो. आपलाही आधी तसाच होता. सौंसरहून मोहगावकडे निघालं की उजव्या हाताला आपली बाग, बागेत घर, घरामागं विहीर, आणि विहिरीच्या मोटरीनं भरणारा तो सिमेंटचा हौद. तिथून पाणी दांडानं, म्हणजे मातीच्या पाटानं, झाडांच्या आळ्यात जायचं. मी दीड वर्षाची असताना पोलिओ झाला आणि माझ्या डाव्या पायानं अंग काढून घेतलं. लोकांना वाटतं अशा पायाला काही कळत नसेल. सगळं कळतं, मुंगी चावली तरी कळते, फक्त तो ऐकत नाही. मी चौथीत असेन, ऐंशीचं दशक अर्धं सरलेलं, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला रोज पाण्यात चालवा, पोहवा, पाण्यात पायावर भार येत नाही, त्यानं थोडी ताकद येईल, कदाचित पायाला बांधलेला लोखंडी कॅलिपर सुटेल. "कदाचित" हा शब्द तू ऐकलाच नाहीस. सौंसरात पोहायला तलाव नव्हता, पांढुर्ण्यातही नव्हता, आणि जाम नदीला उन्हाळ्यात पाय ओले होतील एवढंही पाणी नसायचं. बाबा म्हणाले, महिन्यातून एकदा नागपूरला नेत जाऊ. घरी आल्यावर चप्पलही न काढता थेट हौदाच्या कठड्यापाशी गेलीस आणि म्हणालीस, "हा काय बसला हाय इथं रिकामा. याच्यातच उतरवू पोरीले." बाबा म्हणाले, "अवो, त्याच्यात बेडकं हायेत." तू म्हणालीस, "मंग बेडकांले काढा. माही पोरगी चालली पाहिजे."

बेडकं काढली, शेवाळ खरवडलं, मला उतरवलं, आणि थोड्याच दिवसांत माझा कान फुटला. मग मामा आला. तुझा धाकटा भाऊ, राहायला सावरगावात, नोकरीला पांढुर्ण्याला पाण्याच्या टाकीवर. त्याचं सगळं बोलणं पाण्याचं, लग्नात जेवायला बसला तरी आधी तांब्या नाकाशी नेणार. त्यानं हौदाकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, हे पाणी हाय का ताक? औषध टाकत जा नं याच्यात." पुढच्या खेपेला तो नागपूरहून ब्लीचिंग पावडर घेऊन आला, आणि एक लहानशी लाकडी पेटी, जिच्यात काचेच्या दोन नळ्या, औषधाच्या दोन बाटल्या आणि रंगांच्या पट्ट्या होत्या. एका नळीत हौदाचं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, तोंड बंद करून नळी उलटी-सुलटी करायची आणि पांढऱ्या भिंतीसमोर धरून पाहायची. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. मामानं तुला तीन वाक्यांत शिकवलं. "पिवळसर दिसली तं पोरीले उतरव. गर्द पिवळी झाली तं थांब, ऊन लागू दे. अन् नारंगी झाली तं त्या दिवशी हौदाकडे पाहूच नको." आपल्या घरात सगळे वर्षभर नारंगी रंगासाठी देव पाण्यात ठेवून बसायचे, फक्त त्या एका नळीत तो कोणाला नको होता. बाबा हे म्हणाले आणि स्वतःच हसले. तू हसली नाहीस, तू पट्टी पाहत होतीस.

दुसऱ्या बाटलीतलं औषध पाण्याला गुलाबी करायचं. ब्लीचिंगमध्ये चुना असतो, तो वाढला की क्लोरीन बरोबर असूनही डोळे चुरचुरतात, मग तुरटी फिरवून पाणी जागेवर आणायचं. हे सगळं तू भाजीला फोडणी घालावी तसं शिकलीस. दिवस मावळल्यावर बादलीत पावडर कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी हौदाच्या चारी बाजूंनी फिरून ओतायची. ऊन क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून सकाळी टाकायची नाही. सकाळी फक्त पाहायचं. तांब्याभर पाणी घेऊन तू स्वयंपाकघरात यायचीस, कारण घरात पांढरी भिंत तेवढी एकच होती, चुलीच्या समोरची, जिला तू दर महिन्याला चुना मारायचीस. एकीकडं भाकरी तव्यावर, एकीकडं तुझ्या हातात नळी. नळीचं बूच पहिल्याच महिन्यात हौदात पडलं होतं, तेव्हापासून तू तोंडावर अंगठा दाबून नळी हलवायचीस. मी दारात कॅलिपर काढून बसलेली. तू डोळे बारीक करून नळीकडं पाहतेस, तव्यावरची भाकरी करपते, आणि तू म्हणतेस, "चाल, उतर."

मला पोहायला काही बरं वाटायचं असं नाही. पाठीला तेलाचा रिकामा, तोंड झाळून बंद केलेला डबा बांधलेला, कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक तुझ्या हातात. तुला स्वतःला पोहता येत नव्हतं. मी बुडाले असते तर तू दोरी ओढली असतीस की माझ्यामागं उडी मारली असतीस, याचा मी तेव्हा विचार करायचे. पोहायचे कपडे आपल्याकडं कुठून मिळणार, तर तू निळ्या पॉपलिनचा एक झगा-चड्डी शिवलास, माझ्या वाढदिवसाला, बाह्यांना लेस लावून. पाण्यात जायच्या कपड्याला लेस! एका उन्हाळ्यात क्लोरीननं त्याचा निळा रंग खाऊन टाकला. एकदा थंडी संपता संपता पाणी असं गार होतं की मी कठड्याला धरून रडायला लागले, नाही म्हणाले, उतरणारच नाही म्हणाले. तू ओरडली नाहीस. दोरी माझ्या कमरेला बांधता बांधता म्हणालीस, "तुले चालाचं हाय का नाही? चालाचं असन तं पाण्यात जाऊन रड. तिथं कोणाले दिसत नाही." मी पाण्यात गेले आणि रडले नाही. मला वाटतं तेव्हापासूनच माझी ती सवय गेली.

बाबांचं मात्र त्यात फार गेलं. क्लोरीनचं पाणी संत्र्याला चालत नाही, पानांची टोकं जळतात. पहिल्या वर्षी हौदाजवळच्या ओळीची जळली. मग हौद बागेच्या कामातून बादच झाला. लाइन, म्हणजे वीज, असेल तेव्हा मोटर लावून विहिरीचं पाणी सरळ दांडात सोडायचं, आणि लाइन केव्हा असेल ते देवाला ठाऊक. "हौद भरलेला हाय, अन् मी झाडांपाशी कोरडा उभा हाय," असं बाबा एकदा जेवताना बोलून गेले. तू त्यांच्या ताटात भाकरी वाढलीस आणि म्हणालीस, "झाडं तुमची, पोरगी बी तुमचीच."

मग तो मे महिना. मी सहावीत गेले होते. पाय थोडा बरा वाटत होता, निदान तुला वाटत होता. पाण्यात मी कठडा सोडून उभी राहायचे तेव्हा तू श्वास रोखून धरायचीस. जूनमध्ये नागपूरच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, कॅलिपर सोडवायचा की ठेवायचा हे ते तेव्हा सांगणार होते, आणि तू दिवस मोजत होतीस. त्याच महिन्यात घरात वर्षाची हळद व्हायची. हळकुंडं उकडून वाळवलेली, अंगणात कांडप, चाळणं, डबे भरणं, वर कैरीचं लोणचं. तुझे हात मनगटापर्यंत पिवळे असायचे. त्याच हातांनी तू सकाळी तांब्या घेऊन यायचीस, थेंब टाकायचीस, नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचीस आणि हलवायचीस. नळी पिवळी. म्हणजे कालचं औषध अजून पाण्यात हाय, मग आज सांजेले कायले टाकायचं? दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी. तू पुन्हा टाकलं नाहीस. मी एकदा हौदातून ओरडून म्हटलं, "आई, आजकाल डोळे बिलकुल नाही जळून राहिले." तुझा चेहरा असा उजळला की काय सांगू. "आता जमलं मले," तू म्हणालीस. बाबांनाही बोलावून सांगितलंस, "ऐकलं का, जमलं मले." इतकी आनंदी मी तुला आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

मग ताप आला. आधी कान, मग पोट, मग उतरेचना. सौंसरच्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. त्यांनी हेही सांगितलं की उसाचा रस, बर्फाचा गोळा, कुठूनही होतो, उन्हाळाच आहे. तू ऐकून घेतलंस. मी खाटेवर पडून राहिले, किती दिवस ते मला नीट आठवत नाही, छताचे लाकडी वासे तेवढे आठवतात. आत्या जामसांवलीच्या मारुतीला जाऊन अंगारा घेऊन आली. तू तो माझ्या कपाळाला लावलास, मग पायालाही लावलास.

मामा भेटायला आला तेव्हा माझी खाट स्वयंपाकघरात हलवली होती, तुला कामही करता यावं आणि माझ्याकडं लक्षही राहावं म्हणून. त्यानं माझी नाडी पाहिल्यासारखं केलं आणि मग त्याच्या स्वभावाप्रमाणं हौदावर गेला. येताना तांब्या भरून आणला. त्यानं थेंब टाकले, नळी नुसतीच बोटांत धरून हलवली आणि भिंतीसमोर धरली. "ताई, याच्यात तं काहीच नाही. पांढरंफेक हाय." तू म्हणालीस, "असं कसं म्हणतं तू? रोज पाहून राहिली मी." तू लोणच्याच्या बरणीपाशी बसली होतीस. उठलीस, त्याच तांब्यातलं पाणी दुसऱ्या नळीत घेतलंस, थेंब टाकलेस, अंगठा दाबलास, हलवलंस. पिवळी. तुम्ही दोघं भावंडं भिंतीसमोर दोन नळ्या धरून उभे, एकच पाणी, एक पांढरं आणि एक पिवळं. मामा आधी नळ्यांकडं पाहत होता, मग त्यानं तुझा हात धरला. "ताई, अंगठा दाखव." तू दाखवलास. मामाला हसूच आलं, खरं सांगते, मलाही खाटेवर हसू आलं, असं काही असतं का बाप्पा, आणि मग त्यानं तुझं तोंड पाहिलं आणि तुझा हात सोडला. तू नळी पेटीत नीट ठेवलीस, मोरीत गेलीस आणि राखेनं हात घासायला लागलीस. ते घासणं मला बराच वेळ ऐकू येत होतं. मामा दारात उभा राहून म्हणत होता, "ताई, बस झालं नं. ताई, कातडी निघन."

हौद पूर्ण रिकामा करून घासायला हवा असं मामानं सांगितलं. पण तेव्हा बाग ताणावर होती. मृगाचा बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडून त्यांना तहानेनं थकवावं लागतं, पानं वळतात, झाड मेल्यासारखं दिसतं, आणि मग पाणी मिळालं की ते फुलावर येतं. मधेच पाणी मिळालं तर ताण तुटला, नुसती पानं फुटतात, फुलं नाहीत. आणि आपल्या हौदाला वाट एकच होती, दांडाची, बागेत जाणारी. तू म्हणालीस, बादल्यांनी उपसू, मी उपसते. बाबांनी पायजमा वर खोचला, हौदाच्या मागच्या बाजूला गेले आणि भोकातला कापडाचा बोळा उपटून काढला. मला खाटेवरून खिडकीतून दिसत होतं. तू धावत गेलीस. "अहो, ताण तुटन नं!" बाबा बोळा हातात धरून उभे होते. म्हणाले, "तुटू दे. झाडांले पुढच्या साली पुन्हा ताण देता येते." पाणी दांडानं गेलं, आळी भरली. त्या पाण्यात क्लोरीनचा थेंब नव्हता, झाडांना एवढं चांगलं पाणी त्या हौदातून कितीतरी दिवसांनी मिळालं. आठवड्यात सगळी बाग हिरवीगार झाली. त्या वर्षी आपल्याकडं मृगाची संत्री झाली नाहीत. बाबांनी तुला त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही, आणि मला वाटतं तू तो ऐकायची वाट पाहत राहिलीस.

जूनमध्ये जायचं होतं ते आपण पावसाळा सरता सरता नागपूरला गेलो. डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून पाहिला आणि सांगितलं की जी ताकद यायची होती ती मुलगी लहान असतानाच येऊन गेली, आता आणखी येणार नाही, कॅलिपर राहील. पोहणं चांगलंच, बाकीच्या अंगाला चांगलं. तू मला बाबांबरोबर बाहेर पाठवलंस. दार नीट लागलं नव्हतं. "डॉक्टरसाहेब, तो ताप आला नसता तं?" डॉक्टर म्हणाले, "काही फरक पडला नसता, बाई. तापाचा आणि पायाचा संबंध नाही." तू म्हणालीस, "बरं." बाहेर आलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनी तुझी समजूत काढली असं तू समजलीस. एवढा शिकलेला माणूस स्वच्छ सांगून राहिला, पण तुला ते नको होतं. तुला अंगठाच पाहिजे होता. चूक अंगठ्याची असली म्हणजे पाय आधी बरा होत होता असं तरी म्हणता येत होतं.

त्यानंतरही तू मला रोज उतरवत राहिलीस, मी शाळा संपवून नागपूरला कॉलेजात जाईपर्यंत. तुझा हात साबणानं धुतलेला, वर तुरटी फिरवलेला. आणि आपलं वरण पांढरं झालं. भाजी पांढरी, कढी पांढरी, पाहुण्यांसमोर सुद्धा. आत्या म्हणायची, हे काय आजाऱ्याचं जेवण करून ठेवलं वो वहिनी. तू म्हणायचीस, पोरीचं पाणी पाहायचं असते मले. कोणी तुला सांगू शकलं नाही की बूच आणता येतं. मामानं आणलंही होतं, रबराचं, अगदी बरोबर मापाचं. तू ते वापरलंस आणि हळद तरीही घातली नाहीस.

तू गेलीस त्याला पंचवीसेक वर्षं होत आली. शेवटच्या आजारात भेटायला येईल त्याला तू सांगायचीस, "माही पोरगी नागपूरले बँकेत हाय. आपल्या पायानं जाते." मी तेव्हा तुझ्या पलंगाशी उभी असायचे. बाजूला खुर्ची रिकामी असली तरी उभी असायचे. तू गेलीस तेव्हाही उभीच होते, आणि सगळं उरकेपर्यंत उभी होते, लोक म्हणाले पोरगी मोठी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं, मला काही जाणवतच नव्हतं.

आता उजवा पाय थकला. त्यानं इतकी वर्षं दोघांचं काम केलं. डॉक्टर म्हणतात, पोलिओवाल्यांना उतरत्या वयात असं होतं, कोणाची चूक नाही. दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली, "मॅडम, पाण्यातले व्यायाम करा नं, आमच्याकडे पूल आहे." मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि पुन्हा तिकडं गेले नाही. दिवाळीच्या आधी मी चाकाची खुर्ची घेतली. दादाला अजून सांगितलेलं नाही. दुकानातला माणूस ती उघडून, ब्रेक कसा लावायचा ते दाखवून गेला. मी दार लावलं, कॅलिपरचे पट्टे सोडले, तो भिंतीला टेकवला आणि बसले. मला वाटलं होतं, आता तरी काहीतरी होईल, हरल्यासारखं वाटेल, तुझी आठवण येऊन रडू येईल. तसं काही झालं नाही. मी खिडकीपर्यंत गेले, तिथून स्वयंपाकघरात गेले, फ्रीज उघडला, बंद केला, परत आले. कुठंच दुखत नव्हतं.

हे कागद दादाला दाखवणार नाही, आणि फाडणारही नाही, कपाटात राहतील. तू समोर असतीस तर जीव गेला तरी हे तोंडातून निघालं नसतं. आई, मी त्या खुर्चीत बसले आणि मला फार बरं वाटलं.